धुराविना बार्बेक्यू : एका मंद हंडीची कुळकथा

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत जानेवारीत पारा गोठणबिंदूच्या खाली जातो. परसातली भट्टी बर्फाखाली गेलेली असते आणि हिकरीची लाकडं ओली झालेली असतात. अशा दिवसांत तिथल्या घरांमध्ये बार्बेक्यू चिकन होतं ते ओट्यावरच्या एका जाड, विजेवर तापणाऱ्या मातीच्या हंडीत. सकाळी कामावर निघण्यापूर्वी कोंबडीच्या मांड्या, कांदा आणि बाटलीतला सॉस घालून झाकण ठेवायचं. संध्याकाळी हाडावरून सुटून आलेलं मांस दोन काट्यांनी विस्कटायचं आणि मऊ पावात भरून खायचं. बाहेरून गारठून आलेल्या माणसाला दारातच गोड-आंबट वास येतो. निम्मी भूक तिथेच चाळवते.

बार्बेक्यूचे कट्टर उपासक या पदार्थाला आपल्या पंगतीत बसू देत नाहीत. लाकूड नाही, निखारा नाही, धूर नाही, मग हे बार्बेक्यू कसलं? आक्षेप खोटा नाही. पण याची वंशावळ काढून पाहिली तर हा पदार्थ कुणाची नक्कल म्हणून जन्मलेला दिसत नाही. त्यातली हंडी, त्यातला सॉस आणि सॉसमधला धूर या तिन्ही गोष्टी याच एका शहरातून देशभर पसरल्या आहेत. हंडीचं आजोळ मात्र फार लांब, युरोपच्या थंड कोपऱ्यात आहे.

ते आजोळ म्हणजे विल्ना, आजच्या लिथुआनियाची राजधानी विल्नियस. एके काळी तिथे ज्यूंची मोठी वस्ती होती. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, असा धर्माचा दंडक. मराठी वाचकाला हे नवं नाही. कोकणातले बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. कोकणात एक दिवस चूल पेटली नाही तर फारसं अडत नाही. विल्नाच्या हिवाळ्यात मात्र शनिवारी दुपारी गरम अन्न मिळणं ही चैन नव्हती, गरज होती. धर्मशास्त्रानं वाट मोकळी ठेवली होती: सूर्यास्तापूर्वी आचेवर चढवलेलं अन्न गरम राहिलं तर चालतं. भांडं कशात गुंडाळून ठेवावं आणि कशात ठेवू नये, याची चर्चा मिश्नासारख्या प्राचीन ग्रंथातही आहे.

या सवलतीतून चोलंट आलं. घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, जव, बटाटे आणि ऐपत असेल तसा हाडामांसाचा तुकडा. शुक्रवारी दुपारी बायका किंवा मुली भरलेलं भांडं गल्लीतल्या बेकरीत नेऊन ठेवत. बेकरीवाला भट्टी बंद करी, आणि भिंतींत मुरलेल्या उष्णतेवर रात्रभर त्या हंड्या शिजत राहत. आपल्याकडे चुलीच्या वैलावर दुधाचं भांडं सरकवून ठेवतात, तसंच हे, फक्त अख्ख्या आळीसाठी एकच वैल. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपली की जो तो आपली हंडी घेऊन घरी जाई.

तामारा कास्लोव्स्की ही त्या विल्नातली मुलगी. दर शुक्रवारी आई तिला चोलंटची हंडी घेऊन बेकरीत पिटाळत असे. पुढे ती अमेरिकेत आली, तिथे तिचा मुलगा अर्व्हिंग 1902 साली जर्सी सिटीत जन्मला आणि आईच्या तोंडून ही गोष्ट ऐकत वाढला. आडनाव नाखुमझोन. अर्व्हिंगनं टपालानं शिकून विजेच्या इंजिनिअरिंगची पदवी मिळवली, शिकागोत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये नोकरी केली, मग स्वतःचा कारखाना काढला. वकिलाची फी वाचावी म्हणून पेटंट वकिलीची परीक्षाही दिली आणि पासही झाला. विजेवरचा तवा, दिव्यांच्या अक्षरांत सरकत जाणाऱ्या बातम्यांचा फलक असले उद्योग त्याच्या डोक्यात सतत चालू असत. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन वाटणारं आडनाव त्यानं आखडून नॅक्सन केलं.

आईच्या गोष्टीतली भट्टी ओट्यावर कशी आणायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. 1936 साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, आणि 23 जानेवारी 1940 रोजी ते मिळालं. रचना साधी आणि फार शहाणी आहे. आतलं भांडं एका बाहेरच्या कवचात बसतं आणि तापणारी तार भांड्याच्या भोवती फिरवलेली असते. शेगडीवर आच फक्त बुडाला लागते, म्हणून बूड करपतं. इथे उष्णता चहूबाजूंनी येते, बेकरीच्या भट्टीच्या भिंतींतून यायची तशीच. घरच्यांच्या सांगण्यानुसार यामागे आणखी एक कारण होतं. उन्हाळ्यात ओव्हन पेटवला की शिकागोतलं घर तापून निघे, आणि त्यावर नॅक्सनला तोड हवी होती. आज थंडीशी जोडलेलं हे भांडं उकाड्यावरचा उतारा म्हणूनही जन्मलं, हे मला त्याच्या कुळातलं सर्वांत लोभस वळण वाटतं.

नॅक्सननं त्याला ‘बीनरी’ असं नाव देऊन विकायला काढलं. दाणे शिजवायचं भांडं, एवढीच त्याची ओळख होती. कोंबडी आणि सॉस अजून वाटेवर होते.

आता कॅन्सस सिटीकडे वळू. तिथे 1871 पासून गुरांचा प्रचंड बाजार भरत होता, शिकागोखालोखाल देशातला सर्वांत मोठा. त्यामुळे मांसाचा तुटवडा कधीच नव्हता. मांस शिजवायची विद्या मात्र दक्षिणेतून आली. तिथल्या मळ्यांवर खड्डे खणणं, लाकडं फोडणं आणि रात्रभर निखारे सांभाळून मांस शिजवणं हे सगळं गुलामीत डांबलेल्या काळ्या माणसांनी केलं होतं. मालकांच्या मेजवान्यांची वर्णनं कागदावर उतरली. रात्रभर जागणाऱ्यांची नावं बहुतेक कुठेच नोंदली गेली नाहीत. म्हणून ज्याचं नाव टिकलं आहे ते ठसठशीतपणे घ्यावंसं वाटतं: हेन्री पेरी. टेनेसी राज्यात मेम्फिसजवळ जन्मलेला हा माणूस मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींच्या स्वयंपाकघरांत शिकला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो कॅन्सस सिटीत आला आणि कपड्यांच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गल्लीत ठेला मांडून बसला. ओक आणि हिकरीच्या धुरावर भाजलेलं मांस तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून देई. त्याचा सॉस झणझणीत होता, पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आणणारा.

पेरी 1940 साली गेला. त्याच वर्षी नॅक्सनला पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी हाइन्झ कंपनीनं बाटलीबंद बार्बेक्यू सॉस बाजारात आणला. पेरीचं दुकान त्याच्या हाताखाली शिकलेल्या चार्ली ब्रायंटकडे गेलं आणि पुढे धाकटा भाऊ आर्थर ब्रायंटकडे. ब्रायंट बंधूंनी सॉसचा तिखटपणा थोडा उतरवला. शहरातल्या इतर दुकानांतून टोमॅटो आणि काकवीचा गोड हात त्यावर चढत गेला. शेवटी 1977 साली रिच डेव्हिस नावाच्या बालमनोविकारतज्ज्ञानं घट्ट, गडद, गोडसर असा ‘केसी मास्टरपीस’ बाटलीत भरला, आणि 1986 मध्ये एका बड्या कंपनीनं तो विकत घेतल्यावर कॅन्सस सिटीची चव देशभरच्या दुकानांच्या फळ्यांवर पोचली. मंद हंडीला हाच सॉस का मानवतो, याचं कारण त्याच्या घट्टपणात आहे. पूर्व कॅरोलायनातला व्हिनेगरचा पातळ सॉस हंडीत घातला तर शेवटी हाती आंबट पाणी उरतं.

आणि धूर? तोही इथलाच. अर्नेस्ट राइट या औषधविक्रेत्यानं 1895 साली कॅन्सस सिटीत धुराचा अर्क बाटलीत भरून विकायला सुरुवात केली. लोखंडी शेगडीच्या धुराड्याच्या सांध्यातून ओघळणारा काळपट थेंब त्यानं पोरवयात पाहिला आणि त्याला धुराची चव असल्याचं हेरलं, असं सांगतात. जळत्या लाकडाचा धूर थंड केला की त्याचं पाणी होतं. ते गाळून डांबर काढून टाकायचं. हिकरीच्या चवीच्या बाजारी सॉसमध्ये आजही असाच अर्क असतो. तेव्हा हंडीतल्या चिकनला येणारा धुराचा वास कृत्रिम रसायनाचा आहे हा आरोप मला मान्य नाही. तो लाकडाचाच धूर आहे, फक्त दुसरीकडे पेटलेल्या लाकडाचा.

कोंबडी या कथेत सर्वांत उशिरा आली. पेरीच्या ठेल्यावर गोमांसाचा मान मोठा होता, आणि कोंबडी त्या काळात अमेरिकेत महाग, रविवारची. 1948 साली ‘उद्याची कोंबडी’ या नावाची देशव्यापी स्पर्धा झाली. भरदार छातीचा, लवकर वाढणारा पक्षी कुणाकडे आहे, याची ती स्पर्धा होती, आणि पुढच्या काही वर्षांत कोंबडी स्वस्त झाली. ती खपवायची कशी, यावर कॉर्नेल विद्यापीठातले रॉबर्ट बेकर डोकं लढवत होते. 1950 साली विद्यापीठाच्या पुस्तिकेत त्यांनी कोळशावर कोंबडी भाजायची रीत छापली: तेल, व्हिनेगर, अंडं, मीठ, मसाला. टोमॅटोचा त्यात टिपूसही नव्हता. तरी बार्बेक्यू म्हणजे कोंबडीही, हे अमेरिकेच्या परसात रुजवण्यात त्या पुस्तिकेचा वाटा मोठा आहे.

सगळे धागे एकत्र आले ते 1970 साली. कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीनं नॅक्सनचा कारखाना विकत घेतला. सौद्यात ‘बीनरी’ जवळजवळ फुकटात आली होती आणि तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. कंपनीच्या प्रयोगाच्या स्वयंपाकघरात तिची परीक्षा झाली तेव्हा कळलं की ती दाण्यांपुरती नाही, मांस, रस्सा, सूप सगळंच तिच्यात उत्तम होतं. 1971 मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावानं ती नव्या रूपात बाजारात आली, किंमत सुमारे 25 डॉलर. पहिल्या वर्षी विक्री 20 लाख डॉलरची होती, 1975 मध्ये ती 9 कोटी 30 लाखांवर गेली. मधल्या काळात, 1974 मध्ये, आतलं मातीचं भांडं बाहेर काढून धुता येऊ लागलं. ज्यानं कुणी अखंड भांडं विजेच्या तारेसकट बेसिनमध्ये घासलं असेल, त्यालाच या सुधारणेचं मोल कळेल. 1975 साली मेबल हॉफमन यांचं ‘क्रॉकरी कुकरी’ हे पुस्तक निघालं आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या.

हे त्याच दशकात का झालं? 1970 साली अमेरिकेतल्या 43 टक्के प्रौढ स्त्रिया नोकरीधंद्यात होत्या, 1980 पर्यंत हे प्रमाण 51 टक्क्यांवर गेलं. बाई दिवसभर बाहेर राहू लागली, तरी संध्याकाळचा स्वयंपाक तिच्याच गळ्यात राहिला. विल्नातल्या बाईला चूल पेटवायला धर्मानं मनाई केली होती, कॅन्सस सिटीतल्या बाईला वेळच नव्हता. दोघींना एकच भांडं उपयोगी पडलं. दोघींच्या मध्ये पन्नासपेक्षा जास्त वर्षं आणि एक महासागर होता.

आता करायचं कसं ते. छातीचं मांस घेऊ नका, त्यात चरबी आणि चिकट तंतू कमी असल्यामुळे ते कोरडं, दोरखंडासारखं होतं. हाडासकट दीड किलो मांड्या घ्या, कातडी काढा. सांध्याभोवतीचे तंतू तासन् तासांच्या मंद आचेत विरघळतात आणि रस्स्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. मांस गोठलेलं असेल तर आधी पूर्ण सुटू द्या, नाहीतर हंडी धोक्याच्या कोमट तापमानात फार वेळ रेंगाळते. बुडाशी कांद्याच्या चकत्या, वर मांड्या, त्यावर वाटीभर सॉस, चमचाभर व्हिनेगर. पाणी अजिबात नाही, कोंबडी स्वतःच भरपूर सोडते. मंद आचेवर पाच-सहा तास. मध्ये झाकण उचलू नका, एकदा उचललं की गेलेली वाफ भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मांस हाडाजवळ 74 अंश सेल्सिअसला पोचलं की खाण्याजोगं होतं, पण विस्कटण्याजोगं व्हायला त्याला आणखी वेळ द्यावा लागतो.

हंडीत एक गोष्ट होत नाही, ती म्हणजे भाजल्याचा तपकिरी खमंगपणा, कारण तिथलं तापमान पाण्याच्या उकळीपलीकडे जात नाही. म्हणून शेवटी रस कढईत ओतून निम्मा होईतो आटवा, विस्कटलेलं मांस ट्रेमध्ये पसरून त्यावर तो घाला आणि ओव्हनच्या वरच्या जाळाखाली कडा काळवंडेपर्यंत ठेवा. ही दहा मिनिटं वाचवू नका. त्यांनीच हा पदार्थ बार्बेक्यूच्या जवळ जातो.

सोबत कॅन्सस सिटीत गोड सॉसमधले बीन्स असतातच, आणि ‘बीनरी’तून आलेल्या या भांड्यात ते करायचा मोह होतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत याच हंडीत राजमाही लावतात. तेव्हा एवढं जरूर पाळा: कोरडा राजमा भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय हंडीत घालू नका. कच्च्या दाण्यातलं विषारी द्रव्य मंद आचेनं मरत नाही.