चुंबक न चिकटणारी आल्फा

१९६५ ची आल्फा रोमेओ जीटीए बघायला जाणारा जाणकार गिऱ्हाईक खिशात एक छोटं चुंबक घेऊन जातो. दार, बोनेट, छप्पर, डिकीचं झाकण, यांतल्या कशालाही ते चिकटलं तर किमतीची बोलणी तिथेच थांबवलेली बरी. खऱ्या जीटीएचा बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. मात्र चुंबक चिकटलं नाही म्हणून गाडी खरी ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमचा पत्रा आजही ठोकून बसवता येतो. मग रिव्हेट बघायचे, चासी नंबर बघायचा, जुने कागद मागायचे. एवढा खटाटोप ज्या गाडीसाठी करायचा, ती मुळात दुसऱ्याच एका गाडीत फेरफार करून बनवलेली होती. आणि तो फेरफार खुद्द कंपनीनेच केला होता.

जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांत दोन तट आहेत. एकाला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, दुसऱ्याला ती आजच्या रस्त्यावर नीट पळणारी हवी. या भांडणात 'मूळ गाडी' हा शब्द दोन्हीकडून फेकला जातो. आल्फाच्या या कूपेचा इतिहास वाचला की तो शब्द फार जपून वापरावासा वाटतो.

सुरुवात १९५४ ची. त्या वर्षी तुरीनच्या प्रदर्शनात जुलिएत्ता स्प्रिंट आली. ओरात्सिओ सात्ता पुलिगा हे आल्फाचे मुख्य अभियंते आणि जुझेप्पे बुस्सो इंजिनांचे जाणकार. १९३३ पासून आल्फा सरकारी मालकीची, म्हणजे आयआरआय या सरकारी संस्थेच्या ताब्यात होती. सरकारी कंपनीने मध्यमवर्गासाठी रेसच्या गाडीचं इंजिन बनवावं, ही गोष्ट आपल्याला जरा नवलाची वाटेल. पण झालं तसंच. १२९० सीसीचं छोटं इंजिन, तरी ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमची, आणि वर दोन कॅमशाफ्ट. हे इंजिन लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची जवळपास चाळीस वर्षं त्याचीच भावंडं वेगवेगळ्या आल्फांमध्ये बसत राहिली.

१९६३ च्या सप्टेंबरात जुलिया स्प्रिंट जीटी आली. आकार बेर्तोनेच्या स्टुडिओतला, काढणारा जोर्जेत्तो जुजारो. त्याचा जन्म १९३८ चा, म्हणजे हे काम केलं तेव्हा तो पंचविशीच्या आतच होता. पुढे फोक्सवॅगन गोल्फपासून किती तरी गाड्यांचे आकार त्याच्या हातून उतरले. इथे त्याने बोनेटची पुढची कड नाकाच्या पत्र्यापेक्षा किंचित वर ठेवली, त्यामुळे पुढून एक बारीक पायरी दिसते. इटालियनमध्ये तिला 'स्कालिनो' म्हणतात. आतलं इंजिन १५७० सीसीचं, १०६ अश्वशक्तीचं. पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. तुलनाच करायची तर त्याच दशकात कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० चं इंजिन १०८९ सीसीचं होतं आणि त्याची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास होती.

तेव्हा युरोपात टूरिंग कारच्या शर्यतींची चलती होती. शर्यतीत उतरवायची गाडी ठरावीक संख्येने बनवून लोकांना विकलेली असली पाहिजे, असा नियम होता. म्हणून १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आल्फाने जीटीए मांडली. यातला 'ए' म्हणजे 'अलेज्जेरीता', हलकी केलेली. सांगाडा आणि तळ पोलादाचेच, पण वरचे पत्रे पेरालुमान या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे आणि रिव्हेट मारून बसवलेले. बाजूच्या काचांच्या जागी प्लास्टिक आलं. ऑइलची टाकी आणि क्लचचं आवरण अशा इंजिनाच्या खालच्या भागांसाठी मॅग्नेशियम वापरलं. साध्या गाडीच्या तुलनेत सुमारे २०० किलो वजन उतरलं. रस्त्यावर विकलेल्या गाडीची ताकद ११५ अश्वशक्ती, शर्यतीसाठी तयार केलेलीची १७० पर्यंत.

इंजिनातला बदल समजून घेण्यासारखा आहे. जास्त हवा आत घ्यायची तर व्हॉल्व्ह मोठे हवेत. अर्धगोलाकार हेडमध्ये दोन मोठे व्हॉल्व्ह समोरासमोर तिरपे बसवले की मधोमध स्पार्क प्लगला जागा उरत नाही. प्लग एका कडेला ढकलला तर ज्वाला दुसऱ्या टोकाला पोचायला उशीर होतो. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक प्लग दिला, चार सिलिंडरना आठ. जागेच्या अडचणीतून निघालेला हा तोडगा नंतर आल्फाची ओळख बनून गेला. १९८७ च्या आल्फा ७५ वर 'ट्विन स्पार्क' हे शब्द जाहिरातीसारखे मिरवले गेले.

ही कामं आउतोदेल्ता या शाखेत होत. तिचे प्रमुख कार्लो कीती आधी फेरारीत होते आणि १९६१ च्या अखेरीस तिथल्या बऱ्याच वरिष्ठ मंडळींबरोबर बाहेर पडले होते. गाडी अरेसेत बनायची आणि आउतोदेल्तात उघडली जायची. शर्यतीच्या मोसमात काही अडलं की पुढच्या शर्यतीआधी बदल. वळणावर गाडी फार कलते असं दिसल्यावर मागच्या ॲक्सलला आडवं धरून ठेवणारी जोडणी बदलून एका खोबणीत सरकणारा ठोकळा बसवला. १९६६ मध्ये आंद्रेआ दे आदामिक या चालकाने जीटीएवर युरोपियन टूरिंग कार स्पर्धेत आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षाच्या जीटीएसारखी गाडी आज दुरुस्त करायची, तर नेमकी कुठल्या महिन्यातली? शोरूममधली, पहिल्या शर्यतीआधीची, की मोसम संपल्यावरची? तिन्ही वेळा चासी नंबर एकच होता.

इकडे साध्या गाडीतही बदल चालूच होते. १९६६ मध्ये १३०० सीसीची स्वस्त जीटी १३०० ज्युनिअर आली. १९६७ च्या १७५० जीटीव्हीमध्ये जुजारोची ती पायरी गेली आणि पुढे चार दिवे आले. १९७१ मध्ये इंजिन १९६२ सीसीचं झालं. १९७० च्या जीटीएएमचा पाया तर या १७५० चाच. त्यातल्या 'एएम'चा अर्थ 'अमेरिका' की 'मॅज्जोराता', म्हणजे वाढवलेली, यावर आल्फाप्रेमी अजून हातघाईवर येतात. १९७० च्या दशकाच्या मध्यावर उत्पादन थांबलं तोवर सगळ्या प्रकारच्या मिळून दोन लाखांहून अधिक कूपे बनल्या होत्या. मूळच्या जीटीए त्यात सुमारे ५००.

मग गंज. सत्तरच्या दशकातल्या इटालियन गाड्या का सडतात, यावर एक कथा हमखास ऐकू येते. फियाटने सोव्हिएत संघाला तोल्यात्तीचा कारखाना उभारून दिला, त्या बदल्यात निकृष्ट रशियन पोलाद इटलीत आलं आणि गाड्या सडल्या. कथा चटकदार आहे, पण मला ती पटत नाही. तो करार १९६६ चा, कारखान्यातून गाड्या निघू लागल्या १९७० मध्ये. १९६४ ची जुलियाही तितक्याच इमानाने गंजते. शिवाय तेव्हा आल्फा आणि फियाट या वेगळ्या कंपन्या होत्या. फियाटने आल्फा घेतली ती १९८६ मध्ये. साधं कारण पत्र्याच्या रचनेतच दिसतं.

या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या बंद पेट्या एकमेकींना जोडून सगळी ताकद आणलेली आहे. त्यातली महत्त्वाची पेटी दारांच्या खाली, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाते. तिला तीन थर आहेत: बाहेरचा, आतला आणि मधला. चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल आत साचतो, आतून गंजरोधक लेप नसतो, आणि बाहेरून रंग चकचकीत असतानाच मधला थर भुगा होत जातो. आल्फाने या गाड्यांना उत्तम इंजिन दिलं, उत्तम गिअरबॉक्स दिला आणि पत्र्याच्या पोटात लेप मारायचं तेवढं राहून गेलं. त्या काळात बहुतेक कंपन्या हेच करत होत्या, त्यामुळे एकट्या आल्फाला झोडपण्यात अर्थ नाही.

स्वस्त दुरुस्ती म्हणजे बाहेरच्या थरावर नवा पत्रा चिकटवायचा, वर आपल्याकडचे पेंटर जिला लांबी म्हणतात ती पुट्टी ओढायची आणि रंग मारायचा. जुन्या जुलियांवर अशा दुरुस्त्यांचे दोन-तीन थर सापडतात. नीट काम करायचं तर गाडी पूर्ण सोलावी लागते. जुना रंग वाळूच्या माऱ्याने काढला तर पातळ पत्रा उष्णतेने वाकतो. आम्लाच्या टाकीत बुडवली तर आम्ल सांध्यांत अडकून पुढे महिन्यांनी नव्या रंगाखालून बाहेर येतं. पेटीचे तीन थर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे बार वेल्ड करून आकार धरून ठेवावा लागतो. तसं न केल्यास मधोमध गाडी किंचित खचते आणि मग दार कधीच नीट लागत नाही. पुढचा नवा पत्रा बसवताना तर आणखी पंचाईत. या गाड्यांवर हाताने बरंच काम झालेलं आहे, त्यामुळे डावी-उजवी बाजू मिलिमीटरभर वेगळी निघते. ती तशीच ठेवायची की सारखी करायची? कित्येक पुनरुज्जीवित गाड्या कारखान्यातून निघाल्या होत्या त्याहून जास्त सरळ आणि जास्त चकचकीत आहेत. प्रदर्शनात बक्षीस त्यांना मिळतं. पण १९६७ साली अरेसेत सांधा कसा झाकत, रंगाचा थर किती जाड देत, बोनेटच्या आत ब्रश कुठवर फिरवत, हे त्यांच्यावरून कळत नाही.

वास्तूंच्या बाबतीत हा वाद आधीच झाला होता. १९६४ च्या व्हेनिस सनदेत म्हटलं आहे की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापनेचं काम थांबलं पाहिजे. तिच्याच धर्तीवर जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिवाने, तुरीन सनद तयार केली. तिचा रोख असा: शक्यतो जपा, गरज पडेल तेवढंच बदला, बदल ओळखू येऊ द्या, उलट फिरवता येतील असे ठेवा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर सांभाळा. गाडीच्या आयुष्यात झालेले जुने बदल हाही तिचा इतिहास, हेही ती मानते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत काढता येते, म्हणून आम्ही बिनधास्त खोडतो. पत्र्याच्या बाबतीत ती सोय नाही. कापलेला तुकडा भंगारात गेला की गेला.

या सनदेच्या अगदी उलट टोकाला आजचे फेरफारवाले आहेत. इंग्लंडमधली आल्फाहोलिक्स ही संस्था जुन्या कूपेवरून जीटीए-आर २९० बनवते. तिच्यात ट्विन स्पार्क इंजिन २.३ लिटरपर्यंत वाढवलेलं असतं आणि नावातला २९० हा आकडा दर टन वजनामागे मिळणाऱ्या अश्वशक्तीचा. हे इंजिन जुन्या गाडीत बसतं याचं कारण ते १९५४ च्या त्या छोट्या इंजिनाच्याच घराण्यातलं आहे. प्लग वाढवा, आकार वाढवा, पत्रा हलका करा: सगळं कीतींनी करून ठेवलेलंच पुढे नेलं आहे. त्यामुळे या मंडळींना परंपरेबाहेरचं म्हणणं मला जमत नाही. इटलीतल्या तोतेमने मात्र जुन्या कूपेच्या रूपात कार्बन फायबरची, इलेक्ट्रिक मोटरची गाडी आणली. तिच्यात मूळ गाडीचा अगदी थोडा भाग उरतो. तिथे माझी सहनशक्ती संपते, कारण इंजिनच गेल्यावर आल्फाचं म्हणावं असं काय उरलं, ते दिसत नाही.

पण खरी झळ बसते ती जीटी १३०० ज्युनिअरला. असल्या कुठल्याही प्रकल्पाला एक जुना सांगाडा आणि चासी नंबर लागतो. जीटीए कोणी कापत नाही. कापली जाते ती ज्युनिअर, कारण ती स्वस्त होती आणि तिच्यात 'विशेष' काही नव्हतं. आतली साधी बैठक, अरुंद चाकं आणि कमी सामान निघून जातं. छोटं इंजिन काढून कोपऱ्यात ठेवलं जातं, मग कधी तरी विकलं जातं. जिने शर्यत पाहिली नाही, फक्त मिलानमधल्या कुठल्याशा नोकरदाराला कामावर नेलं-आणलं, ती ज्युनिअर तिच्या मूळ सामानासकट बघायला मिळणं अवघड होत चाललं आहे. जीटीएच्या प्रतिकृती मात्र दर वर्षी वाढतात.

अरेसेचा कारखाना आता नाही. त्या जागेच्या एका भागावर २०१६ पासून मोठा मॉल आहे. शेजारी आल्फाचं संग्रहालय आहे आणि कंपनीची कागदपत्रं तिथेच सांभाळलेली आहेत. चासी नंबर पाठवला की गाडी कधी बनली आणि कारखान्यातून निघताना तिचा रंग कोणता होता, हे नोंदीवरून कळतं. त्यापुढची साठ वर्षं त्या कागदावर नाहीत. ती रंगाच्या थरांत, चुकीच्या वेल्डिंगमध्ये आणि लांबीखाली दडलेल्या जुन्या ठोक्यांत असतात. म्हणूनच चांगले कारागीर ग्राइंडर लावण्याआधी प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवतात.