जीपचे चाक : युद्धातले महाग, शेतातले स्वस्त

१/ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड या कंपन्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या गाडीच्या इंजिनाचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्या चाकाचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला.

२/ आरंभीच्या जीपला एकसंध, साधे पोलादी चाक होते. पुढे ‘कॉम्बॅट’ चाक आले. त्याची रिम दोन भागांची, नटबोल्टांनी जोडलेली. आतल्या कड्यामुळे टायरच्या कडा रिमला घट्ट आवळलेल्या राहत. गोळी लागून हवा गेली, तरी टायर न निखळता गाडी माऱ्याबाहेर काढता येई.

३/ या सोयीची किंमत होती : अधिक सुटे भाग, अधिक वजन आणि एक जीवघेणा धोका. हवा न सोडता रिमचे बोल्ट सैल केले, तर आतल्या दाबाने दोन्ही भाग उसळून माणूस दगावू शके.

४/ १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी आलेल्या ‘सीजे-२ए’ जीपला पुन्हा एकसंध, १५ इंची पोलादी चाक मिळाले. शेतात गोळ्या नव्हत्या. दगड आणि चिखल होता. धक्क्याने पोलादी रिमची कड वाकली, तर बहुधा हातोड्याने ठोकून काम भागवता येई.

५/ पुढे मुंबईतही विलीस जीपची जुळणी होऊ लागली. स्वस्त चाक हे नेहमीच तडजोड नसते, हे या इतिहासावरून दिसते. वाटेत धोका कोणता, हे ओळखले की चाकाची निवड सोपी होते.