शहराचा आराखडा आखताना उष्णतेचा विचार कसा करतात?

१६ एप्रिल २०२३. खारघरमध्ये 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक उघड्या मैदानात भर उन्हात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातलं तापमान होतं सुमारे ३८ अंश सेल्सिअस. विदर्भात उन्हाळ्यात हा आकडा नेहमीचा. मग इथे तो जीवघेणा का ठरला?

दमट हवेचा फरक

किनारपट्टीवर हवेत बाष्प जास्त असतं. घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. म्हणूनच हवामान विभागाच्या निकषात उष्णतेच्या लाटेसाठी सपाट प्रदेशात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश तापमान धरलं जातं. सरासरीपेक्षा ते किती जास्त आहे, हेही पाहिलं जातं.

नावडेत काय घडतं?

नावडे हा खारघरजवळचा सिडकोचा नोड. तो पनवेल महापालिकेत येतो आणि शेजारीच तळोजा एमआयडीसी आहे. अशा ठिकाणी शेतं आणि झाडांच्या जागी काँक्रीट, डांबर येतं. ते दिवसभर तापतं आणि रात्री साठलेली उष्णता सोडतं. एसी, वाहनं, कारखाने त्यात भर घालतात. यालाच 'नागरी उष्णता बेट' म्हणतात. रात्रही गरम राहिली की शरीराला विश्रांती मिळत नाही.

आराखड्यात काय करता येतं?

• वारा: समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याला इमारतींमधून वाट ठेवणं.
• सावली: स्टेशन, बसथांबा, शाळेच्या रस्त्यांवर आधी झाडं लावणं. पायी चालणाऱ्याला त्याचा थेट फायदा होतो.
• छत: पांढरा किंवा ऊन परतवणारा लेप देणं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी 'कूल रूफ' धोरण आणलं.
• खिडक्या: केंद्राच्या 'इको निवास संहिता २०१८'नुसार उष्ण-दमट भागातल्या घरात उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्र चटई क्षेत्राच्या साधारण एक षष्ठांश हवं.
• पाणी: तलाव, ओढे, पाणथळ जागा न बुजवणं.

उष्णता कृती आराखडा पुरेसा आहे का?

२०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये असा आराखडा केला. त्यात आगाऊ इशारा, दवाखान्यांची तयारी आणि पाण्याची सोय यांवर भर होता. त्याने जीव वाचतात, पण रस्ता आणि इमारत तेवढीच तापत राहते. एकदा उभी राहिलेली इमारत पन्नास वर्षं जागची हलत नाही. नावडेसारख्या अजून वाढत असलेल्या नोडमध्ये म्हणूनच हा विचार बांधकाम परवानगीच्या आधी व्हायला हवा.