गाण्याच्या मासिकाचे पान

गोष्टींचं मासिक डोळ्यांनी वाचतात. गाण्याचं मासिक मात्र गळ्यानं वाचावं लागतं. मग त्याचं पान मांडायचं कसं?

१९३५ साली उत्तरेत हाथरस गावी प्रभुलाल गर्ग यांनी ‘संगीत’ हे हिंदी मासिक काढले. हेच पुढे विनोदी कवी काका हाथरसी म्हणून गाजले. मासिकात चिजा स्वरलिपीसह छापल्या जात. ती लिपी मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी घालून दिलेली.

भातखंड्यांनी छापण्याची रूढ रीत बरीचशी राखली. अक्षरे देवनागरीच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. नव्या खुणा मोजक्याच!

पण एक रीत त्यांनी मोडली. एरवी शब्द तोडून छापला, तर आपण त्याला दोष म्हणतो. इथे त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारांच्या घरांत बसवायच्या. त्यासाठी शब्द तुटला तरी चालेल, मात्रा ढळता कामा नये.

याचे मोल केवढे! पूर्वी चीज गुरुमुखातूनच मिळे. गुरू गेला की पुष्कळदा चीजही जाई. आता ती टपालाने खेड्यातल्या शाळेत पोचू शकली. मींड आणि स्वराचा लगाव कागदावर पुरा उतरत नाही, हे खरेच. तेवढ्यासाठी गुरू हवाच. पण शिक्षकबंधूंनो, असे पान हाती आले तर आधी हाताने ताल धरा, मग वाचा. पान आपोआप बोलू लागेल.