कुलगुरूंना आकडे कशाला हवे असतात?

विद्यापीठाने स्वतःचाच अभ्यास करायचा ही कल्पना आपल्याकडे जरा परकीच. 'नॅक'साठी कॉलेजात गुणवत्ता कक्ष असतो खरा, पण समिती येऊन गेली की त्याच्या फायली पुन्हा कपाटात जातात! अमेरिकेत मात्र बहुतेक मोठ्या विद्यापीठांत या कामाला स्वतंत्र कार्यालय असते. किती मुले आली, किती गळली, कुठल्या विषयात अडली, हे शोधून अध्यक्षांपुढे ठेवायचे (तिकडे विद्यापीठाच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात). पुढे अध्यक्ष त्या कागदांचे काय करतात, ते पाहण्यासारखे असते.

मिनेसोटा विद्यापीठाचेच बघा. १९२० ते १९३८ या काळात तिथे लोटस कॉफमन अध्यक्ष होते. मूळचे शिक्षणशास्त्र शाखेचे डीन. प्राध्यापकांनी आपल्याच विद्यापीठाचे संशोधन करावे, ही प्रथा त्यांच्या काळात तिथे रुजली. वर्गात मुले जास्त झाली तर शिक्षण बिघडते का, याचीही तपासणी झाली आणि १९२८ साली निष्कर्ष आला की फारसे बिघडत नाही. साठ-साठ मुलांपुढे घसा फोडलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे पटायला जड जाते, पण असो. महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. पुष्कळ मुले पदवी न घेताच निघून जात होती.

प्रवेश कडक करा, असे म्हणणे सोपे होते. पण हे राज्याचे विद्यापीठ. या मुलांना द्यायला आपल्याकडे काय आहे, असा प्रश्न तिथे विचारला गेला आणि १९३२ साली त्यांच्यासाठी 'जनरल कॉलेज' निघाले. सर्वसाधारण शिक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम.

आता २००५ साल. अध्यक्ष रॉबर्ट ब्रुनिन्क्स, गंमत म्हणजे तेही शिक्षणशास्त्राचेच माजी डीन. जगातल्या पहिल्या तीन सरकारी संशोधन विद्यापीठांत यायचे, असे ध्येय ठरले होते. पुन्हा आकडे निघाले. जनरल कॉलेजातून आलेल्यांपैकी पदवीपर्यंत पोचणारे फार थोडे. म्हणजे गळतीच, १९३२ सारखी! मुले प्रवेश घेतात, पैसे खर्च करतात आणि हाती काही लागत नाही, हे प्रशासनाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण ज्या आकड्यांनी कॉलेज उघडले, तसल्याच आकड्यांनी ते बंद करायचे ठरले. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, काहींना अटकही झाली. नियामक मंडळाने ठराव मंजूर केला आणि २००६ मध्ये जनरल कॉलेज शिक्षणशास्त्र शाखेतला एक विभाग होऊन राहिले.