तसबिरीचा घोटाळा

'ईझी ए' हा २०१० सालचा हॉलिवूडपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ऑलिव्ह नावाची शाळकरी पोरगी मैत्रिणीचा ससेमिरा टाळायला एक थाप मारते. ती थाप बाथरूममध्ये भलतीच मुलगी ऐकते आणि बघता बघता शाळाभर बोभाटा. मग ऑलिव्ह चिडून कपड्यांवर लाल 'ए' लावून फिरते. हे हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (१८५०) वरून घेतलंय, हे पिक्चरमध्येच सांगितलं आहे. मला मात्र तो बघताना सारखं सांगलीजवळचं हरिपूर आठवत होतं.

गोविंद बल्लाळ देवल या हरिपूरचे, जन्म १८५५. 'संशयकल्लोळ' त्यांचं. आपल्या पिढीला त्याची फक्त पदं माहीत, तीही आजोबांच्या रेडिओवरची. गोष्ट मात्र एकदम टीन कॉमेडीची आहे. अश्विनशेठने रेवतीला स्वतःची तसबीर दिलेली असते. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतात. हे नेमकं त्यांची बायको कृत्तिका बघते. झालं, तिच्या डोक्यात किडा. गडबडीत पडलेली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते, ती ती निरखत असते आणि तेवढ्यात फाल्गुनराव मागून बघतात. आता त्यांच्या डोक्यात किडा. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावांकडे पाहून अश्विनशेठला वाटतं, रेवतीनेच दिली असणार! बाकीचा गोंधळ तुम्हीच कल्पना करा. (पात्रांची नावं पाहिलीत? पुरुष महिन्यांचे, बायका नक्षत्रांच्या.)

हे कथानक मुळात मोलियरचं, १६६० चं. आर्थर मर्फीने ते १७६१ मध्ये इंग्रजीत आणलं आणि देवलांनी मर्फीवरून मराठीत. १८९३ मध्ये ते 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' नावाचं गद्य नाटक होतं. 'संशयकल्लोळ' हा त्याचा संगीत अवतार १९१६ चा, गंधर्व नाटक मंडळीसाठी केलेला. त्याच वर्षी जूनमध्ये देवल गेले.

आता खरी गंमत. त्याआधी तीनच वर्षं, १८९० मध्ये, याच माणसाने 'ऑथेल्लो' मराठीत आणला होता, 'झुंझारराव' म्हणून. तो गाजवला गणपतराव जोशींनी. त्यांची कंपनी शाहूनगरवासी नाटक मंडळी, आणि शाहूनगर म्हणजे आपला सातारा. म्हणजे एकाच लेखकाने संशयाची शोकांतिकाही लिहिली आणि फार्सही. तिथे रुमाल, इथे तसबीर. फरक एवढाच की 'झुंझारराव'मध्ये कान भरणारा एक खलनायक लागतो. 'संशयकल्लोळ'मध्ये कुणीच वाईट नाही, कुणी खोटंही रचत नाही. प्रत्येकाने जे पाहिलं ते खरंच घडलेलं असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर लॉगमधली प्रत्येक ओळ बरोबर, फक्त निष्कर्ष चुकीचा. असले बग शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पण मला यातला सगळ्यात महत्त्वाचा बदल वेगळा वाटतो. मोलियर आणि मर्फीच्या नायिका चांगल्या घरच्या लेकी आहेत. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. तिला लग्न करून संसार थाटायचा आहे. फाल्गुनरावांच्या संशयाला आपण हसतो, कारण कृत्तिकेच्या नावाला धक्का लागणार नाही हे आपल्याला ठाऊक असतं. रेवतीवर संशय घ्यायला मात्र पुरावाच लागत नाही. तिच्याबद्दलची अफवा तिच्या जन्माआधीच पसरलेली आहे! ऑलिव्हला लाल अक्षर निदान स्वतःच्या हाताने लावता आणि काढता आलं. 'शारदा' (१८९९) मध्ये म्हाताऱ्याला विकल्या जाणाऱ्या मुलीची बाजू घेणाऱ्या देवलांनी हा बदल उगाच केला असेल असं मला वाटत नाही.

('शारदा' नाटकावरून शारदा कायद्याला नाव पडलं असं छातीठोकपणे सांगणारे लोक भेटतात. १९२९ च्या त्या कायद्याला नाव मिळालं ते हरबिलास सारडा यांचं. अफवा नाटकांबद्दलही असतात :) )

आणि रेवतीचं काम करत होतं कोण? बालगंधर्व. फाल्गुनराव होते गणपतराव बोडस. अब्रूदार घरातली बाई तोंडाला रंग लावणार नाही, लावला तर अब्रू गेली, हा तेव्हाचा हिशेब. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती साळुंके नावाच्या पुरुषानेच केली ती याच पायी. म्हणजे बाईच्या नावाला लागणाऱ्या बट्ट्यावरचं नाटक, आणि त्यात उभी राहायला बाई नाही, कारण तिच्या नावाला बट्टा लागेल! प्रेक्षागृहात हसणाऱ्या पब्लिकला हा विनोद कळला असेल का, कोण जाणे. बालगंधर्वांची रेवती कितीही गोड असली तरी प्रयोग संपल्यावर नारायणराव राजहंस म्हणून त्यांना मान होताच. रेवतीला तो कुठून मिळणार?

हा हिशेब मोडायला हातभार लावला तोही याच भागातल्या बाईने. हिराबाई बडोदेकर, जन्म १९०५, सांगलीशेजारच्या मिरजेचा. तिकीट लावून जाहीर बैठकीत गायच्या, अंगभर पदर घेऊन. देवल गेल्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच त्यांनी भावंडांसह स्वतःची नाटक कंपनी काढली, आणि तिच्या संगीत नाटकांत बायकांची कामं बायकाच करू लागल्या.