घराचे माप आणि घरातल्या कष्टाचे माप



बीड, परळी, अंबाजोगाईकडची पुष्कळ कुटुंबे आज पुण्यामुंबईस दोनतीन खोल्यांचा फ्लॅट घेतात. किल्ली हाती आली की 'मॉडर्न' सजावटीची बोलणी सुरू होतात. पांढऱ्या भिंती, भिंतीत बसविलेली कपाटे, मोजके सामान, नक्षीला फाटा. ही रीत मुळात कोणासाठी निघाली, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. तेव्हा घराकडेही आम्ही कामाच्या तासांच्या बाजूने पाहणार, हे आपण समजून घ्यालच.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील शहरांत घरांची भयंकर टंचाई पडली. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराने १९२५ पासून एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली सामान्य माणसांसाठी हजारो लहान घरे बांधली. त्या घरांचे स्वयंपाकघर १९२६ साली मार्गारेटे लिहोट्झ्की या तरुण स्त्री-वास्तुविशारदाने आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळे स्वयंपाकघर तिच्या नजरेसमोर होते. बाई किती पावले चालते, किती वेळा वाकते, याचा तिने घड्याळ लावून हिशोब केला आणि सगळे सुमारे सत्तर चौरस फुटांत बसविले. डाळपिठाचे खण हाताशी, इस्त्रीची फळी भिंतीला दुमडलेली, बसून काम करण्यास फिरते स्टूल, आणि सरकते दार, म्हणजे पलीकडच्या खोलीतील मुलांवर लक्ष राहावे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. पुढे हिटलरशाहीविरुद्धच्या गुप्त कार्यात सामील झाल्यामुळे १९४१ साली या बाईंना अटक झाली. सारांश, नक्षी गेली ती केवळ फॅशन म्हणून नव्हे. जागा आणि श्रम वाचावेत म्हणून गेली.

घड्याळ लावून काम मोजण्याची विद्या कारखान्यातली. तिचा दुसरा चेहरा मुंबईच्या गिरणी कामगारांनी पाहिला. दोनांऐवजी तीन माग सांभाळा, एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळा, अशी मालकांची योजना आली आणि १९२८ साली सहा महिने संप चालला. मोजमाप एकच, ते मालकाच्या फायद्यासाठी वापरले तर माणूस पिळला जातो, राबणाऱ्यासाठी वापरले तर त्याची पाठ वाचते.

मुंबईत ही नवी राहणी आली ती वरच्या मजल्याने. नोव्हेंबर १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरविले. त्याच सुमारास मरीन ड्राइव्हवर नव्या धर्तीच्या इमारती उभ्या राहत होत्या. २०१८ साली त्या जागतिक वारशात गणल्या गेल्या. गिरणी कामगार मात्र वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडच्या बी. डी. डी. चाळींत राहत होता. इमारती २०७, आणि एका बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची एकच खोली. चूल, अंथरूण, आजारपण, मुलांचा अभ्यास सगळे त्यातच. ज्याच्यासाठी युरोपात हे शास्त्र निघाले, त्याच्यापर्यंत येथे ते पोहोचले नाही.

आमच्या जिल्ह्यात ऊसतोडीच्या हिशोबात 'कोयता' म्हणजे नवराबायकोची जोडी. बाईचा वेगळा हिशोब नाही. पहाटे भाकऱ्या थापून ती फडात जाते. त्या भाकऱ्या तर कोणत्याच वहीत नाहीत. अशा घरातला मुलगा शिकून शहरात फ्लॅट घेतो आणि तेथेही छताच्या रोषणाईवर खर्च करून स्वयंपाकघरात काटकसर करतो, तर वही जुनीच राहिली असे म्हणावे लागेल.

भिंतीतली कपाटे आपल्याला नवी नाहीत; माळवदाच्या घरातील देवळ्या आणि फडताळे आणखी कशासाठी होती? नवे शिकायचे ते मोजणे. आणि फ्रँकफुर्टचाही एक दोष टाळायचा. ते स्वयंपाकघर एका माणसापुरते होते. बाई त्यात एकटीच अडकली, अशी टीका त्यावर पुढे झालीच. आपला ओटा दोघांना उभे राहता येईल असा करावा. त्याची उंची सुताराच्या सवयीने नव्हे, रोज राबणाऱ्या माणसाच्या कोपरावरून ठरवावी. भाकरी थापायला परात थोडी खाली हवी, म्हणून तेवढा भाग उतरता ठेवावा. म्हाताऱ्या आईला बसून भाजी निवडता यावी अशी उजेडाची जागा ठेवावी. धूर जाईल अशी खिडकी आधी, दिवाणखान्यातले शोभेचे कपाट मागाहून.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. घरातल्या चुलीला अजून रविवार म्हणजे जादा पाळी. तेव्हा आमची सूचना साधी आहे. नवे घर सजविण्यापूर्वी आठ दिवस घराची हजेरी ठेवावी: कोण किती वाजता उठले, किती वेळ उभे राहिले, पाणी कोणी भरले, भांडी कोणी घासली. तो कागद सगळ्यांनी मिळून वाचावा. मग सुताराला बोलवावे.